खळे, कोबा आणि शेवाळ : मालवण किनाऱ्यावरील अंगणाचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जुन्या घराचे वर्णन करताना जोते, ओटी, पडवी आणि माजघर यांचा उल्लेख आधी केला जातो; परंतु वर्षातील सात-आठ महिने घराचे बहुतेक काम ज्या जागेवर चालत असे ती छपराबाहेरची होती, आणि तिला मालवणीत ‘खळां’ व प्रमाण मराठीत ‘खळे’ म्हणतात. देशावर खळे हा शब्द शेतातील मळणीच्या जागेसाठी वापरला जातो. दक्षिण कोकणात मात्र घरासमोरचे, तुळशीवृंदावन असलेले, चोपून सपाट केलेले आणि शेणाने सारवलेले अंगण म्हणजे खळे, असा अर्थ रूढ आहे. भात झोडणे, उकडे तांदूळ वाळवणे, रातांब्याची सोले उन्हात घालणे, सुपारी आणि मासळी सुकवणे, माटव (मांडव) घालून लग्न उरकणे, ही सारी कामे याच जागेवर होत असल्यामुळे खळ्याची अवस्था ही त्या घराच्या नेटकेपणाची सर्वांना दिसणारी खूण मानली जाई. आज या खळ्यांपैकी पुष्कळांवर सिमेंटचे काँक्रीट पसरले आहे, आणि ते काँक्रीट धुणे, त्यावरील शेवाळ काढणे व त्याला पाणी न शोषणारा लेप देणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले आहे. या कामाची पाळेमुळे मातीच्या खळ्यातच आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजच्या कामातील चुका नीट उमगत नाहीत.

मातीचे खळे दरवर्षी नव्याने करावे लागे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरला की खळे सोडून दिले जाई. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात उघडी सारवलेली जमीन राखण्याचा प्रयत्न कोणी करीत नसे. घरापासून पाणंदीपर्यंत चिरे टाकून तात्पुरती वाट केली जाई, पागोळ्या पडतात त्या रेषेत माती उकरली जाऊ नये म्हणून दगड किंवा नारळाची सोडणे अंथरली जात, आणि उरलेल्या जागेत गवत माजत असे. आश्विनात पाऊस ओसरला आणि हळवे भात कापणीला आले की खळ्याचे काम निघे. गवत मुळासकट खणून काढायचे, ढेकळे फोडायची, चाळलेली माती पसरायची, पाणी शिंपून ती मुरू द्यायची आणि मग धुम्मसाने व चोपण्याने ठोकत राहायचे, असा क्रम असे. धुम्मस म्हणजे उभ्याने उचलून आपटायचा जड ठोकळा आणि चोपणे म्हणजे बसून मारायची लाकडी सपाट फळी. ओल जास्त राहिली तर माती चोपण्याला चिकटते, कमी पडली तर पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. म्हणून चोपायला कधी बसायचे हा निर्णय घरातील अनुभवी माणूस माती मुठीत दाबून घेत असे. अंगणाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिला जाई. हा उतार डोळ्यांना जाणवत नसे, परंतु ओतलेल्या कळशीभर पाण्याला तो जाणवला पाहिजे अशी अपेक्षा असे.

चोपणी झाल्यावर शेणकाला हाताने फिरवून सारवण होई. शेणातील अर्धवट पचलेले गवताचे बारीक तंतू मातीच्या कणांना बांधून धरतात, केसाएवढ्या भेगा भरून काढतात आणि धूळ उडू देत नाहीत. आजच्या परिभाषेत बोलायचे तर सारवण हा मातीच्या पृष्ठभागाचा लेप होता, आणि त्याचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा द्यावा लागे. हे सारे काम बायका करीत. चोपणीला शेजारीपाजारी मिळून येत, पण आठवड्याचे सारवण हे एकट्या सुनेच्या किंवा सासूच्या कमरेवर पडणारे काम होते, याचा विसर खळ्याच्या आठवणी लिहिणाऱ्यांना पुष्कळदा पडतो. खळे तयार होण्याची मुदत पंचांगाने ठरवलेली होती: कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते, आणि त्या लग्नाला खळे तयार हवे.

याच किनाऱ्यावर मातीच्या जोडीने चुन्याचे ज्ञानही जुने आहे. कोकणात चुनखडीचे साठे विरळ असल्यामुळे चुना समुद्रातून, म्हणजे शिंपले आणि कालवांची टरफले भट्टीत भाजून मिळवला जाई. टरफलातील चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला तापली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की लेपासारखा मऊ होतो, आणि बांधकामात लागल्यावर हवेतील तोच वायू पुन्हा शोषून सावकाश दगड होतो. या सावकाशपणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मालवणच्या समुद्रातच आहे. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामाचा आरंभ झाला आणि १६६७ मध्ये जो पूर्ण झाला, त्या सिंधुदुर्ग किल्ल्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून जपलेला ठसा ओल्या चुन्यात उमटलेला आहे, आणि साडेतीनशेहून अधिक पावसाळ्यांनंतरही तो दाखवता येतो, कारण त्यावर लहान घुमट्या बांधून पाऊस थेट पडणार नाही याची काळजी घेतली गेली. वेंगुर्ल्यास १६३७ पासून ठाण मांडलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचे दैव उलट निघाले. बांधकाम चिऱ्याचुन्याचेच, परंतु निगा सुटल्यावर छप्पर गेले, चुन्याच्या सांध्यांत पाणी शिरले, त्या ओलीवर झाडे रुजली आणि भिंती ढासळत गेल्या. एकाच किनाऱ्यावरील, एकाच शतकातील या दोन वास्तूंत टिकण्याचा फरक पडला तो साहित्यामुळे कमी आणि पाण्याच्या बंदोबस्तामुळे अधिक.

चुन्यापासून पुढे आलेली बाहेरच्या जमिनीची रीत म्हणजे कोबा. आज कोकणात कोबा म्हणजे सिमेंटची घोटून गुळगुळीत केलेली जमीन, पण हा शब्द सिमेंटहून पुष्कळ जुना आहे. फारसीत ठोकणे, कुटणे या अर्थाच्या क्रियापदापासून कोबा हे ठोकण्याच्या साधनाचे नाव झाले आणि मराठीत ते त्या साधनाने ठोकून केलेल्या चुन्याच्या थरालाही लागले. चुना, वाळू आणि विटांचे रोडे यांचा थर पसरून मजुरांच्या ओळी लहान लाकडी कोब्यांनी तो अनेक दिवस ठोकीत, आणि ठोकताना गूळ व हिरडा भिजवलेले पाणी शिंपडीत. गुळामुळे चुना नीट कालवला जाई व हळूहळू घट्ट होई, हिरड्यातील तुरट द्रव्यामुळे थराची पाणी अडवण्याची शक्ती वाढे. मुंबईच्या गच्च्यांवर गळती थांबवण्यासाठी आजही घातला जाणारा ‘ब्रिकबॅट कोबा’ हा याच घराण्यातील आहे. खळ्याचे चोपणे आणि गच्चीचा कोबा या दोहोंचे मर्म एकच: पोकळी कमी करण्यासाठी ठोकणे. सिमेंटच्या कोब्याला ठोकावे लागत नाही, थापीने घोटले की पुरते. त्यामुळे शब्द राहिला आणि त्यातील क्रिया गळून गेली.

घराभोवतीच्या जागेचे तिसरे साहित्य म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश पाहणीकाराने मलबारात पाहिलेल्या या दगडाला १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, कारण खाणीतून तो विटेसारखा कापून काढता येतो आणि हवेवर राहिला की कठीण होतो. सिंधुदुर्गात कापलेल्या जांभ्याला चिरा म्हणतात. जोते, पायऱ्या, विहिरीचा काठ, तुळशीचा चौथरा आणि हद्दीचा गडगा हे सारे चिऱ्याचे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, पावसाळाभर ओला राहतो आणि त्यावर शेवाळ लवकर धरते. त्यावरचे जुने उपाय साधे होते. पायऱ्या सोडणाने व राखेने घासल्या जात, हिरांच्या वाढवणीने (खराट्याने) पाणी झाडून काढले जाई, आणि चौथऱ्याला व जोत्याला केतकीच्या मुळ्या ठेचून केलेल्या कुंच्याने चुन्याचा हात दिला जाई. ताज्या चुन्याची निवळी इतकी अल्कधर्मी असते की तिच्यावर शेवाळ काही काळ जगत नाही. सणापूर्वीची सफेदी ही अशा रीतीने शोभेबरोबर निगेचेही काम करीत होती.

लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि भारतात या सिमेंटचे यशस्वी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदर येथे सुरू झाले. ग्राहकांना सिमेंटचा वापर शिकवण्यासाठी उत्पादकांनी १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली, यावरून गवंड्यांचा व घरमालकांचा हात चुन्याकडून सिमेंटकडे वळवणे किती अवघड वाटत होते याची कल्पना येते. खेड्यातील अंगणापर्यंत सिमेंट पोचायला आणखी अर्धे शतक जावे लागले. सिमेंटच्या किमतीवर व वाटपावर सरकारी नियंत्रण असेपर्यंत मिळालेली पोती आधी छपराच्या कड्यांना, विहिरीला आणि न्हाणीघराला लागत. अंगणासाठी सिमेंट खर्चणे ही चैन होती. १९८२ च्या फेब्रुवारीत हे नियंत्रण अंशतः आणि १ मार्च १९८९ रोजी पूर्णपणे उठले. रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला होता. म्हणजे नवा जिल्हा आणि दुकानात सहज मिळणारे सिमेंट हे जवळपास एकाच दशकातील होत.

तथापि सिमेंट मिळू लागले एवढेच कारण खळे बुजण्यास पुरेसे नव्हते. खळे करणारे हात आधीच कमी झाले होते. घरटी एक-दोन माणसे मुंबईस, गुरे थोडी उरलेली, त्यामुळे शेण थोडे, आणि चोपणीला शेजाऱ्यांची जमवाजमव करणे कठीण. अशा घरात मनीऑर्डरीच्या पैशांतून किंवा निवृत्तीच्या रकमेतून एकदाच कोबा घालून टाकणे हा शहाणपणाचा निर्णय वाटला, आणि बायकांच्या कष्टांचा विचार करता तो बऱ्याच अंशी शहाणपणाचा होताही. कोब्यामुळे दर आठवड्याच्या सारवणातून त्यांची सुटका झाली, ही गोष्ट जुन्या खळ्याबद्दल हळहळणाऱ्या प्रत्येकाने आधी मान्य केली पाहिजे. पुढे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, आणि तारकर्ली, देवबाग, मालवण या भागांत पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्या घरांनी अंगणात काँक्रीट, पेव्हर ब्लॉक किंवा चिऱ्याची फरसबंदी करून घेतली.

फसगत झाली ती एका समजुतीमुळे. कोबा म्हणजे कायमचे काम, त्याला पुन्हा हात लावावा लागत नाही, असे मानले गेले; प्रत्यक्षात काँक्रीट हेही जांभ्यासारखेच पाणी पिणारे आहे. सिमेंटशी संयोग पावल्यानंतर उरलेले पाणी सुकून जाताना केसाहून बारीक नलिका मागे ठेवते, आणि मिश्रणात पाणी जितके जास्त ओतलेले असेल तितक्या या नलिका जास्त होतात. पसरायला सोपे जावे म्हणून पातळ केलेला आणि उन्हात पुरेसे पाणी न मारलेला कोबा वरून गुळगुळीत दिसला तरी आतून स्पंजासारखा असतो. त्यातून विरघळलेला चुना आणि क्षार वर येऊन पांढरा थर धरतात, ज्याला गवंडी ‘लोणा’ म्हणतात. कालावल किंवा कर्ली खाडीची वाळू गोड्या पाण्याने न धुता वापरली असेल तर हे क्षार अधिक असतात, आणि ज्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या आहेत तेथे तेच क्षार सळी गंजवून वरचा थर फोडतात. पावसाळ्यात सावलीच्या बाजूने हिरवे शेवाळ धरते, उन्हाळ्यात ते वाळून काळे पडते, पुढच्या पावसात त्याच काळ्या थरावर नवे हिरवे येते. रातांब्याची सोले थेट कोब्यावर वाळत घातली तर त्यांचा आंबट रस चुनामय सिमेंट खातो आणि तांबडा डाग नुसता वर न राहता आत मुरतो. मातीच्या खळ्यात हे सर्व दोष दरवर्षीच्या खणण्यात निघून जात. काँक्रीटमध्ये ते वर्षानुवर्षे साचत जातात.

ही घाण काढण्याचा आज घरोघरी माहीत असलेला उपाय म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी पायऱ्यांवर व अंगणात ब्लीचिंग पावडर टाकणे. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये पेटंट घेतलेली ही भुकटी विरवलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवून बनते. सफेदीच्या कुंच्यातला चुना अशा रीतीने निराळ्या रूपाने पुन्हा अंगणात आला. ती शेवाळ मारते यात शंका नाही, परंतु मेलेले शेवाळ घासून काढले नाही तर तेच पुढच्या शेवाळाचे खत होते, आणि भुकटीचे पाणी तुळशीच्या मुळाशी किंवा विहिरीकडे वाहू दिले तर त्याचा त्रास घरालाच होतो. जांभ्याची जमीन सच्छिद्र असल्यामुळे अंगणात सांडलेले पाणी विहिरीत उतरायला फार वेळ लागत नाही. यापेक्षा वाईट प्रथा म्हणजे न्हाणीघर धुण्याचे ॲसिड कोब्यावर ओतणे. ॲसिडाने डाग जातो तो डागाखालचे सिमेंट विरघळल्यामुळे जातो. पृष्ठभाग अधिक खरबरीत व अधिक सच्छिद्र होतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट जोमाने धरते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

व्यावसायिक रीतीने धुणारे आज दाबाने पाणी सोडणारे यंत्र वापरतात. त्याची तोटी एका जागी रोखून न धरता, पुरेसे अंतर राखून, पंख्यासारख्या पसरट धारेने पट्ट्यापट्ट्याने धुणे हे कौशल्याचे काम आहे. धार जवळ नेली तर ती शेवाळाबरोबर सिमेंटची सायही उडवते व आतली खडी उघडी पडते, आणि चिऱ्याच्या बाबतीत तर मऊ माती वाहून जाऊन दगडाला खळगे पडतात. अंगण धुतल्यानंतर आणि लेप देण्यापूर्वी भेगा भरायच्या असतात. धुण्यापासून लेपापर्यंतच्या या कामातही जुन्या चोपणीचा नियम जसाच्या तसा लागू पडतो: ओल ओळखता आली पाहिजे.

पाणी अडवणारा लेप देण्याची कल्पना या किनाऱ्याला नवी नाही. होडीच्या लाकडाला माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल पाजण्याची रीत मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि तेल व डांबर यांतला भेद असा की तेल लाकडात मुरते, तर डांबर लाकडावर बसते. काँक्रीटच्या लेपांतही हाच भेद आहे. ॲक्रिलिकचा लेप वर पारदर्शक पापुद्रा तयार करतो, रंग खुलवतो, पण ओला झाला की निसरडा होतो. शिवाय खालून जमिनीतली ओल वर येत असेल तर ती पापुद्र्याखाली अडकून तो पांढरा पडतो व सुटू लागतो. उघड्या चिऱ्याच्या भिंतींना व पायऱ्यांना चमक यावी म्हणून मारलेले वार्निश दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटलेले दिसते त्याचे कारण हेच. सिलेन व सिलोक्सेन या सिलिकॉनजन्य द्रव्यांचा लेप आत मुरतो, नलिकांच्या भिंतींना पाण्याशी फटकून वागायला लावतो, परंतु नलिका बुजवत नाही. त्यामुळे पाऊस आत जात नाही आणि आतली वाफ मात्र बाहेर पडू शकते. तो दिसत नाही, चमकत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. ज्या प्रदेशात जमीन चार महिने ओली असते तेथे मात्र मुरणारा लेपच योग्य, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

लेपाची वेळ ठरवण्याचे नियम थोडे आणि कडक आहेत. नव्या काँक्रीटला सुमारे २८ दिवस पुरे होऊ द्यावे लागतात. जुने काँक्रीट धुतल्यानंतर पूर्ण सुकावे लागते, आणि ते सुकले की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवतात. सकाळी कागदाच्या आतून दहिवरासारखे थेंब धरले असतील तर थांबायचे. पुढे दरवर्षी अंगणावर तांब्याभर पाणी ओतून पाहायचे: पाण्याचे मणी होऊन ते उताराने वाहिले तर लेप शाबूत आहे, डाग पडून मुरले तर लेप संपला. मे महिन्यात तापलेल्या कोब्यावर लेप मुरण्याआधीच उडून जातो, जूनपासून चार महिने जमीन सुकत नाही, आणि आश्विनातही दुपारनंतर गडगडाटी सरी येत राहतात. पाऊस पुरता गेलेला, ऊन चढलेले नाही आणि जमीन वरपासून खालपर्यंत वाळत आलेली, असे दिवस सिंधुदुर्गात दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. धुण्याला आणि सुकण्याला लागणारे आठ-दहा दिवस धरले, तर अंगणाचे काम आजही तुळशीच्या लग्नाच्या तोंडावरच पुरे होते.